मूळ रूपातली गाडी

३ फेब्रुवारी

चि. मुलीस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला ठेवलं नसशील, अशी आशा आहे. सोळा महिने एक फोन नाही, एक ओळ नाही आणि आता अचानक पत्र, म्हणजे म्हाताऱ्याचं काहीतरी काम अडलं असणार, असं तुझ्या मनात येईल. खरंच आहे ते. अडला हरी... पुढचं लिहीत नाही, पुढे तुझा उल्लेख येतो.

काम असं आहे. आईच्या गाडीचं मूळ स्टिअरिंग तुझ्याकडे आहे. मोठं, बारीक कड्याचं, आत हॉर्नची चकचकीत कडी असलेलं. तू ते काढलंस, त्या जागी आजकालच्या गाडीचं जाडजूड छोटं चाक बसवलंस आणि एका हातानं फिरवता यावं म्हणून त्याला लाकडी गोळा लावलास. मूळ चाक तू फेकून दिलं नसणार, याची मला खात्री आहे. माझ्या हाताखाली बारा वर्षं काम केलंस. सामान जपून ठेवायची खोड अशी जात नाही.

गाडी मी परत मूळ रूपात आणली आहे. वर्ष लागलं. तू घातलेलं नवं इंजिन आणि त्याचा तो आपोआप बदलणारा गिअरबॉक्स उतरवून मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवला आहे. जुनं इंजिन साफ करून जागेवर बसवलं. तू कापलेला तळ नव्या पत्र्यानं भरून काढला. तो लिंबासारखा पिवळा रंग खरवडला आणि कारखान्यातला राखाडी दिला. आता दार उघडून पाहिलं की सगळं जागच्या जागी दिसतं, फक्त चाक तेवढं परकं आहे. खटकतं.

मार्चमध्ये जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. दातांचे डॉक्टर मागे लागले आहेत. तेच, ज्यांच्याकडे सात जुन्या गाड्या आहेत आणि एकही रस्त्यावर येत नाही. म्हणतात, "मिस्त्री, तुमची गाडी आली नाही तर मेळाव्याला अर्थ नाही." म्हणून ही घाई.

तब्येत ठीक आहे. घरही ठीक आहे. तुझ्या खोलीत मी काही सामान ठेवलेलं नाही.

बाबा


२६ फेब्रुवारी

चि. मुलीस,

चाक पोचलं. एक ओरखडा नाही. चिठ्ठी नव्हती. म्हणजे मी खोकं उलटं करून पाहिलं, चुरगाळलेले कागदही एकेक करून सरळ केले, पण नव्हती. ठीक आहे. मी चाक मागितलं होतं, तू चाक पाठवलंस.

ते ज्या विटकरी स्वेटरमध्ये गुंडाळलं होतंस, तो तुझा जुना असेल म्हणून धुवायला टाकणार होतो. मग कोपरांना लावलेली ठिगळं दिसली आणि कळलं कोणाचा. धुतला नाही. हवा असेल तर कळव. नको असेल तर मात्र कळवू नकोस.

चाक बसवलं. हॉर्नची कडी सरळ केली. सगळ्या स्क्रूंच्या खाचा एका रेषेत आणल्या. तू यावर हसायचीस. "बाबा, स्क्रूची खाच आडवी आहे की उभी, हे कोण बघणारे?" मी बघतो. ज्या माणसानं ती गाडी पहिल्यांदा कागदावर काढली त्यानं काहीएक विचार केला होता. बॉनेटचा उतार, दाराची मूठ, काचेची कड, सगळ्याचा. पन्नास वर्षांनी एखादा उंटावरचा शहाणा येतो आणि म्हणतो की मला जास्त कळतं. मग चाकं रुंद, छत बुटकं, आत चार स्पीकर. धाकट्या भावानं थोरल्याचे बूट घालून मिरवावं तशी दिसते गाडी.

यावर तू एकदा उलट उत्तर दिलं होतंस, ते आठवतं. "गाडी काढणाऱ्यानं आपली आई पाहिली नव्हती ना, बाबा." उत्तर म्हणून बरं होतं. मी तेव्हा ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

डॉक्टरांच्या दवाखान्यात दाढ दाखवायला गेलो होतो. तिथल्या मासिकात तुझ्या कामाचा फोटो होता. ती हिरवी गाडी. नव्या इंजिनाला जागा करायला तू पुढचा सगळा भाग दोन बोटं वर घेतला आहेस. मला पटलं नाही, हे वेगळं सांगायला नको. पण डॉक्टरांचं भिंग मागून घेऊन वेल्डिंगची रेघ पाहिली. रेघ स्वच्छ आहे. आत बसलेल्या पेशंटला वाटलं असेल की मी दात शोधतोय.

आईच्या गाडीतलं बाकी सगळं जपून काढलं. तुला आपल्या गॅरेजचा नियम माहीत आहे : काढण्याआधी फोटो, मग चिठ्ठी, मग पिशवी. तो ब्रेकचा दांडा आणि त्याच्या सळ्याही काढल्या. त्या कामाला अर्धा तास लागला.

बाबा


१८ मार्च

चि. मुलीस,

पहिलं बक्षीस मिळालं. ‘मूळ रूपातली सर्वोत्तम गाडी.’ तीन परीक्षक होते. एक तर चक्क गाडीखाली सरपटत गेला आणि नळ्यांच्या चिमट्यांवरचे आकडे वाचून बाहेर आला. म्हणाला, "मिस्त्री, ही कारखान्यातून काल निघाली असं वाटतं." तळाला एकदा भोक पडून गेलंय, हे त्याला कळलं नाही. डॉक्टरांनी तर मला मिठीच मारली. त्यांच्या गाडीला तिसरं मिळालं, तरी. स्वतःचा दात स्वतःला काढता येत नाही, असं काहीतरी म्हणाले आणि स्वतःच हसले.

ढाल कपाटावर ठेवली आहे. छान आहे.

लोक बरेच आले होते. आईला ओळखणाऱ्या एक बाईही भेटल्या. थोडं बोलणं झालं. ऊन फार होतं.

घरी आल्यावर गाडी शेडमध्ये लावली आणि बराच वेळ शेडमध्येच होतो. काही करत नव्हतो. तुला हे का लिहितोय, कुणास ठाऊक. बक्षिसाचं कळवावं, एवढंच होतं.

बाबा


२४ मार्च

छोटे मिस्त्री,

आई तुला असं म्हणायची. मी म्हटलेलं चालेल की नाही, माहीत नाही, पण आजचं पत्र ‘चि. मुलीस’ला लिहिता येणार नाही.

मागच्या पत्रात एका बाईंचं लिहिलं आणि पळ काढला. त्या पोस्टात काउंटरवर असायच्या. आता निवृत्त आहेत. दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत आई आणि त्या शेजारी शेजारी बसायच्या. त्यांचेही पाय गेले आहेत. मेळाव्याला भाच्यानं चाकाच्या खुर्चीवरून आणलं होतं. गर्दीतून वाट काढत त्या थेट आपल्या गाडीपाशी आल्या आणि मला म्हणाल्या,

"ही भूगोलाच्या बाईंची ना?"

मी म्हटलं, "हो."

"पण ती तर पिवळी होती."

"रंग बदलला."

त्यांनी भाच्याला खुर्ची दाराशी लावायला सांगितली आणि आत डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या, "तो हातानं ब्रेक लावायचा दांडा कुठंय? मी तो बघायला आले होते. मला तसाच करून घ्यायचाय."

मी म्हटलं, "तो मूळचा नव्हता."

"मूळचा म्हणजे?"

डॉक्टर तिथेच होते. त्यांनी पुढे होऊन मोठ्या उत्साहानं समजावलं, की हे असे दांडे, गोळे नंतर कुणीकुणी लावतात, त्यानं गाडीची किंमत जाते, मिस्त्रींनी ते सगळं काढून गाडी शुद्ध केली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "म्हणजे त्या चालवायच्या तशी नाही ठेवली."

मग डॉक्टर दुसऱ्या गाडीकडे गेले आणि त्या माझ्याशी बोलत राहिल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी व्यायाम झाला की आई त्यांना घरी सोडायची, हे तुला माहीत होतं का? मला नव्हतं. मला वाटायचं, ती जाते आणि येते. त्यांनी एकदा आईला विचारलं होतं, की तुमचे यजमान गाड्यांमधले एवढे मोठे मिस्त्री, मग ते कधी दिसत नाहीत शेजारी? आई म्हणाली, "आमचे हे बसतील एक दिवस. त्यांना सगळ्यालाच जरा वेळ लागतो."

हे त्यांनी मला हसत सांगितलं. त्यांना वाटलं, मी बसलो असेन नंतर.

मी बसलो नाही. अकरा महिने तिनं ती गाडी चालवली आणि अकरा महिन्यांत एकदाही मी तिच्या शेजारी बसलो नाही. सुरुवातीला ती रोज विचारायची, "येता का, एक चक्कर मारून येऊ?" मी म्हणायचो, "मूळ रूपात आली की बसतो." मला ती गंमत वाटायची. पहिल्या दोन-तीनदा तीही हसली. मग आठवड्यातून एकदा विचारू लागली. मग विचारेनाशी झाली. आणि मला वाटलं, चला, समजली एकदाची.

बाईंनी आणखीही एक गोष्ट सांगितली. ती आज लिहीत नाही.

बाबा


१५ एप्रिल

छोटे मिस्त्री,

उत्तर नाही. मागत नाही. पण आज एक काम आहे आणि ते चाकासारखं निमित्त नाही.

मला तो दांडा परत बनवायचा आहे. सगळंच परत करायचं आहे. तुझं इंजिन, तुझा गिअरबॉक्स, छोटं चाक, गोळा, सगळं. इंजिन आहे, गिअरबॉक्स आहे, चाकही आहे. दांडा नाही, सळ्या नाहीत, त्या जिथे बसवल्या होत्या ते तुकडे नाहीत. मी ते भंगारात दिले.

नियमाचं मी तुला मागे मोठ्या तोऱ्यात लिहिलं. फोटो, चिठ्ठी, पिशवी. चाळीस वर्षांत तो नियम मी मोडला नाही. उंदरानं कुरतडलेल्या सीटच्या आतला काथ्यासुद्धा मी पिशवीत घालून वर चिठ्ठी लावली आहे. आणि त्या दांड्याचा फोटो नाही. पानेसुद्धा लावले नाहीत. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, ग्राइंडर घेतला आणि कापून टाकला. तुकडे पोत्यात भरले. त्याच दिवशी भंगारवाला आला नसता, तर कदाचित वाचले असते. पण त्याला मीच बोलावलं होतं, तेव्हा त्याच्या नावानं खडे फोडण्यात अर्थ नाही. परवा त्याच्याकडे जाऊन आलो. तो म्हणाला, "मिस्त्री, दीड वर्ष झालं. ते कुठल्यातरी भट्टीत जाऊन कशाचं काय झालं असेल." बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

तुझ्याकडे आराखडा असेल तर पाठव. नसेल तर निदान एक सांग. हसू नकोस. दांडा पुढे ढकलला की ब्रेक लागायचा, की मागे ओढला की? मी सळ्याच आधी कापल्या, त्यामुळे कळायला मार्ग नाही. आणि तिला चालवताना मी पाहिलेलं नाही. गाडी फाटकातून बाहेर पडताना मी घरात असायचो. कधी पेपर वाचत, कधी पाठ करून.

आता ते दुसरं. तुला जे आठवतं ते मला आठवत नाही, असं समजू नकोस.

मी तीन आठवडे परगावी कामाला गेलो होतो आणि परत आलो तर गाडीचा तळ कापलेला, मूळ इंजिन जमिनीवर, डॅशबोर्डला भोक. तीस वर्षं मी त्या गाडीच्या एका स्क्रूला उगाच हात लावला नव्हता. तू ग्राइंडर बंद केलास, चष्मा वर केलास आणि म्हणालीस, "बाबा, बघ तर आधी." आणि मी म्हणालो,

"दोन पावलं टाकता येत नाहीत तिला. आता कुठं जायचंय तिला, म्हणून तू गाडी कापलीस?"

आई शेडच्या दारात खुर्चीवर होती. तू तिच्याकडे पाहिलंस, मी पाहिलं नाही. ती म्हणाली, "अहो, प्रवासातनं आलात, आधी हातपाय धुवा."

एवढी वर्षं मी मनाशी म्हणत आलो, की तिनं ऐकलं नाही. ग्राइंडरचा आवाज होता, तिचं लक्ष नव्हतं, काहीही. ग्राइंडर तू बंद केला होतास. बावीस वर्षं मुलांना जगाचा नकाशा शिकवला तिनं. तिला सगळं माहीत होतं, कुठं काय आहे ते. तिनं ऐकलं. तुलाही ते माहीत होतं आणि ती गेल्यावर दहा दिवसांनी तू बॅग भरलीस, तेव्हा मला ते तोंडावर बोलून दाखवलं नाहीस. ते बोलली असतीस, तर मी भांडलो असतो. भांडून निदान तू राहिली असतीस.

चुकलं माझं. हे शब्द मला नीट लिहिता येतात की नाही, ते मी आधी एका जुन्या पावतीच्या मागे लिहून पाहिलं.

बाबा


२९ मे

छोटे मिस्त्री,

तुझं पत्र आलं. सहा ओळी आहेत. मला पाठ झाल्या आहेत. आराखडा नाही, पुठ्ठ्यावर आईचा हात ठेवून माप घेतलं होतं आणि तो पुठ्ठा गेला. दांडा पुढे ढकलला की ब्रेक, खाली मांडीकडे दाबला की वेग. आईला शिकायला चार दिवस लागले. आणि शेवटची ओळ : ‘ते चारही दिवस तुम्ही घरात होतात, खिडकी लावून घेतली होतीत.’

तू मला जन्मात कधी ‘तुम्ही’ म्हणाली नव्हतीस. असो. तो हक्क मीच घालवला.

खिडकी मी धूर येतो म्हणून लावली, असं तेव्हा सांगितलं होतं. धूर नव्हता. तू मोठ्यानं "दाब, दाब, आता सोड" म्हणत होतीस आणि ती लहान मुलीसारखी हसत होती. ते मला ऐकवत नव्हतं. मला ज्या गोष्टीचा राग होता, त्या गोष्टीनं ती खूश होती. हे सरळ लिहायला मला तीन वर्षं लागली.

तळ काल कापला. माझ्याच वेल्डिंगवर माझाच ग्राइंडर. इतकी सुरेख रेघ होती, की परीक्षकालाही सापडली नव्हती. मला मात्र अंधारातसुद्धा सापडली असती. डॉक्टर नेमके तेव्हाच आले. खडू हातात घेऊन मी तळावर खुणा करत होतो. म्हणाले, "मिस्त्री, वेड लागलंय का? पहिल्या नंबरची गाडी आहे ही." मी म्हटलं, "डॉक्टर, दाढ तुमची, गाडी माझी." मग लक्षात आलं, की तीही माझी नव्हती कधी. ते रागानं गेले. आठवडाभरात येतील परत. माझ्याशिवाय त्यांच्या सात गाड्या कोण सुरू करणार?

हाताचं माप राहिलं. आईचा हात कुठून आणू? शेवटी पोस्टातल्या बाईंना फोन केला. मी म्हटलं, तुमच्या हाताच्या मापानं करतो, चालेल का? त्या म्हणाल्या, "चालेल म्हणजे काय, मी तर वाटच बघत होते." पुठ्ठा घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी हात ठेवला, मी पेन्सिल फिरवली. आईच्या मानानं बोटं आखूड आहेत. म्हणजे तो दांडा परत होणार नाही. दुसराच एक होईल.

बाबा


१९ ऑगस्ट

छोटे मिस्त्री,

गाडी झाली. पिवळी. रंगाच्या दुकानदारानं दोनदा विचारलं, "मिस्त्री, नक्की हाच?" चाळीस वर्षांत माझ्याकडून असा रंग त्यानं ऐकला नव्हता. डबा मी पिशवीत घालून आणला, चोरीचा माल आणावा तसा. दांड्याच्या सळीत थोडा खेळ राहत होता. तीन वेळा सोडून परत बसवला. तू हे सगळं एका महिन्यात कसं केलंस, मला समजत नाही. मला तीन महिने लागले, आणि माझ्यासमोर तुझं केलेलं काम होतं, म्हणजे होतं एकेकाळी. चांगलं होतं ते काम. तुझ्या कामाबद्दल आजवर मी हे वाक्य कधी बोललो नाही.

बाईंनी मैदानात शिकून घेतलं. सहा दिवस लागले. आईला चार लागले होते, हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "त्यांना शिकवणारी बरी होती."

परवाना आला त्या दिवशी त्या म्हणाल्या, "चला, मिस्त्री, बसा." मी शेजारी बसलो. सीट ओळखीची होती, बाकी काही नव्हतं. त्या हळू चालवतात. बाजारावरून, शाळेवरून, दवाखान्यावरून गेलो. मग त्या आपल्या गॅरेजच्या रस्त्याला लागल्या आणि गॅरेजसमोर, पलीकडच्या बाजूला, ते कायम बंद असलेलं दुकान आहे ना, त्याच्यापुढे गाडी उभी केली. म्हणाल्या, "इथं थांबायचो आम्ही. मी मेळाव्यात सांगितलं होतं तुम्हाला."

हीच ती गोष्ट. मार्चमध्ये लिहिली नाही, एप्रिलमध्ये लिहिली नाही, मेमध्येही नाही.

व्यायाम झाला की आई रोज गॅरेजवरून यायची. बाई असल्या तर त्यांच्याबरोबर, नसल्या तर एकटी. चार वाजता. गाडी समोर लावायची, काच खाली करायची आणि दहा मिनिटं बसायची. हॉर्न कधी वाजवला नाही. बाईंनी एकदा विचारलं, हाक का मारत नाही? तर म्हणाली, "कामात आहेत. एकदा डोकं बॉनेटमध्ये घातलं की यांना काही दिसत नाही, ऐकू येत नाही. मी आपली बघते जरा आणि जाते."

बाईंनी हे मला एक गोड आठवण म्हणून सांगितलं. त्यांना वाटतं की मला हे माहीत नव्हतं. तुलाही वाटेल.

बारा वर्षं तू त्या गॅरेजमध्ये होतीस. रस्त्यावरून गाडी गेली की मी मान वर न करता सांगायचो, कोणाची गाडी, कुठला सिलिंडर कमी पडतोय. तू पैजा लावायचीस आणि हरायचीस. मग त्या गाडीचा आवाज मला ओळखू येणार नाही का? गावात तसं इंजिन त्या सांगाड्यात दुसऱ्या कोणाकडेच नव्हतं. पहिल्याच दिवशी ओळखलं मी. चार वाजता आवाज यायचा, समोर थांबायचा, आणि मी बॉनेटमध्ये आणखी वाकायचो. कित्येकदा हातात काही काम नसायचं. नुसताच वाकून उभा असायचो. मनात म्हणायचो, बसू दे. कळू दे तिला. दहा मिनिटांनी इंजिन सुरू व्हायचं आणि मी कंबर सरळ करायचो.

एकदा, शेवटच्या महिन्यात, ती अर्धा तास थांबली. मला वाटलं, आता वर बघावं. दोन पावलं टाकून रस्ता ओलांडायचा होता, आणि मला पाय होते. मी वर पाहिलं नाही. त्यानंतर तिचे हातही गेले आणि गाडी आली नाही.

ती गेली तेव्हा तिच्या मनात हेच होतं, की मला दिसलं नाही. मी तिला ते खरं वाटू दिलं. शेवटी उशाशी बसलो होतो तेव्हाही सांगितलं नाही. मला वाटलं, सांगितलं तर तिला जास्त लागेल. आता ते कारणही खोटं वाटतं. मी घाबरलो होतो.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तू सहा ओळी लिहिल्यास, तेवढ्यात मला वाटायला लागलं होतं की तू एक दिवस येशील. पण येण्याआधी तू कोणाकडे येते आहेस, ते तुला माहीत असायला हवं. हे वाचून यावंसं वाटलं नाही, तर ते बरोबर आहे. मी वाट बघणार नाही, असं मात्र लिहीत नाही. खोटं लिहायचं मी आता सोडलं आहे.

गाडी बाईंना दिली. तुला न विचारता दिली, पण तुझी हरकत नसेल असं वाटलं. डॉक्टर आठ दिवसांनी परत आले, पण गाडीकडे बघत नाहीत.

काल चार वाजता मी एका गाडीच्या बॉनेटमध्ये होतो आणि तो आवाज आला. पाना खाली ठेवला. हात पुसले नाहीत, तसाच बाहेर गेलो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. पिवळी गाडी आली. बाईंनी मला पाहिलं, गोळ्यावरचा हात तसाच ठेवून मान हलवली आणि पुढे गेल्या. त्यांना बहिणीकडे जायचं होतं. गाडी थांबली नाही. थांबायचं काही कारणच नव्हतं.

बाबा